डाव्या डोळ्याचा नंबर

एका सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता माझे पती ट्रामच्या थांब्यावर कोसळले. नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला ते गेल्याचे सांगितले. शुक्रवारी दहन झाले. त्यानंतरच्या सोमवारी, दुपारी दोनच्या सुमारास, डोळ्यांच्या क्लिनिकमधून फोन आला. त्यांच्या डाव्या डोळ्यासाठी कॉर्निया मिळाला होता.

फोनवरच्या बाईंनी आमचे आडनाव नेहमीप्रमाणे मधले अक्षर गाळून उच्चारले आणि विचारले, "ते आहेत का?"

मी म्हणाले, "ते नाहीत."

म्हणाले जर्मनमध्ये, पण वाक्य मराठी होते. आपल्याकडे 'ते नाहीत' एवढे शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारले की ऐकणाऱ्याला कळते. तो पुढे काही विचारत नाही. जर्मनमध्ये 'एर इस्ट निश्त दा' याचा अर्थ तो माणूस आत्ता घरात नाही, एवढाच होतो.

"कधी येतील?" बाईंनी विचारले.

"माहीत नाही."

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात उत्साह होता. अशी बातमी द्यायला मिळणे त्यांनाही आवडत असावे. "त्यांना सांगा, शुक्रवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. आदल्या रात्री बारानंतर काही खायचं नाही. सर्दी-ताप असेल तर लगेच कळवा. नाहीतर ते येताहेत असं आम्ही धरून चालतो. लिहून घेतलंत?"

"जा," मी म्हणाले. म्हणजे हो. मी खरोखरच लिहून घेतले होते.

त्या कॉर्नियाची आम्ही चौदा महिने वाट पाहत होतो. ती कशासाठी, हे आधी सांगायला हवे.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि पडद्यात झिरपणारे पाणी सतत उपसून टाकणे हे त्या थराचे काम. या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. माझ्या पतींच्या दोन्ही डोळ्यांत त्या पन्नाशीच्या आधीच कमी होऊ लागल्या होत्या. उपसणारे हात कमी पडले की पडदा फुगतो आणि धुरकट होतो. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, पाणी उडून जायला वाव नसतो, म्हणून सकाळी उठल्यावर सर्वांत कमी दिसते. दिवस चढेल तसतसे निवळत जाते. निदान सुरुवातीची काही वर्षे निवळते. मग दुपारपर्यंत धूसर राहते, मग संध्याकाळपर्यंत.

ते भिंगांच्या पृष्ठभागांची मोजमापे घेत. जर्मनीतल्या येना या भिंगांच्या कारखान्यांच्या शहरात त्या कामाला माणसांची कमतरता नव्हती, पण त्यांच्यासारखी सवयीची नजर तयार व्हायला वर्षे लागतात, असे त्यांचे वरिष्ठ म्हणत. वर्षभर त्यांनी हे कुणाला कळू दिले नाही. अवघड मोजमापे दुपारनंतर ठेवू लागले. सकाळी ट्रामचा नंबर दिसत नसे, तर येईल त्या ट्रामच्या दारात उभे राहून आतली घोषणा ऐकत आणि मग चढत किंवा मागे सरत. हे मला पुढे त्यांनीच सांगितले. सकाळी लवकर डोके चालत नाही, ही त्यांची तक्रार कॉलेजपासूनची होती, त्यामुळे मला संशय आला नव्हता.

निदान झाल्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब सुरू झाले. मीठ पाणी ओढून घेते, एवढाच त्यातला विचार. शिवाय डॉक्टरांनी एक घरगुती उपाय सांगितला. केस वाळवायचे यंत्र हातभर अंतरावर धरून, मंद हवेचा झोत डोळ्यांसमोरून फिरवायचा. त्याने पडद्यातले पाणी लवकर उडून जाते. ते रोज पहाटे न्हाणीघरात टबाच्या कडेवर बसून हे करत. त्यांच्या डोक्यावर बरीच वर्षे केस नव्हते.

येनाच्या लोबेडा वस्तीतल्या आमच्या घराच्या भिंती पातळ होत्या. न्हाणीघराच्या पलीकडे ज्या शेजारीणबाई राहत, त्यांनी उमेदीची सगळी वर्षे बांधकामावर क्रेन चालवली होती आणि त्या सरळ बोलत. एकदा जिन्यात भेटल्या.

"तुमचे मिस्टर रोज पहाटे अर्धा तास केस वाळवतात," त्या म्हणाल्या. "मला त्रास नाही, मी पाचलाच उठते. फक्त एक विचारू? केस कुठे आहेत त्यांना?"

"ते केसांसाठी नाही," मी म्हणाले. "हॉर्नहाउटसाठी आहे."

"हॉर्नहाउटसाठी?"

"हो. रात्रभरात त्यात पाणी भरतं. सकाळी वाळवावं लागतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आणि फरक पडतो?"

"थोडा. तासाभराने चालता येतं नीट."

त्यांनी माझ्याकडे आणि मग माझ्या पायांतल्या सपातांकडे बघितले. मग वर गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. आत टाच घासायचा दगड, मलमाची ट्यूब आणि एक चिठ्ठी: आधी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवा, मग घासा. फुंकर घालून हॉर्नहाउट जात नसते.

जर्मनमध्ये कॉर्नियाला हॉर्नहाउट म्हणतात, शिंगाची कातडी. टाचेवर जमणाऱ्या घट्ट कातडीलाही तोच शब्द आहे. हे मला तोवर माहीत नव्हते, कारण तो शब्द मी फक्त डोळ्यांच्या दवाखान्यात ऐकला होता.

माझ्या पतींनी चिठ्ठी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचली. "वीस मिनिटं भिजवायचा म्हणतात डोळा," ते म्हणाले. "मग घासायचा. अगं, दगड बरा आहे पण. ठेवू या."

मग ते स्वतःच शेजारणीकडे जाऊन सगळे समजावून आले. आत त्यांना भरपूर चहा आणि केक मिळाला असावा, कारण रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर त्या बाई जिन्यात दिसल्या की विचारत, "आज धुकं किती?"

उजवा डोळा जास्त बिघडला होता, म्हणून त्याची शस्त्रक्रिया आधी झाली. ती जुन्या पद्धतीची होती. कॉर्नियाचा मधला गोल तुकडा आरपार कापून काढतात आणि मृत माणसाच्या डोळ्यातला तेवढाच गोल तुकडा तिथे बसवून शिवतात. शिवण केसाहूनही बारीक धाग्याची असते. दोन धागे एकमेकांना छेद देत गोल फिरतात आणि डॉक्टरांच्या यंत्रात बघितले की चांदणीसारखे दिसतात. एक धागा वर्षाने काढला, दुसरा त्यानंतर सहा महिन्यांनी. तोपर्यंत डोळा चोळायचा नाही, जड उचलायचे नाही, दिवसातून पाच वेळा थेंब. शरीराला तुकडा परका वाटून त्याने तो नाकारला तर डोळा लाल होतो, प्रकाश सहन होत नाही. तसे वाटले तर रविवार असला तरी निघून यायचे, असे बजावले होते. तसे काही झाले नाही.

धुके गेले. पण शिवणीच्या ताणामुळे नव्या पडद्याला बाक आला होता. डॉक्टरांनी त्याचा रंगीत नकाशा काढला. त्यात पृष्ठभागाचे चढ-उतार दिसत होते. माझ्या पतींनी तो कागद बराच वेळ बघितला.

"हा नग मी फॅक्टरीतून बाहेर जाऊ दिला नसता," ते म्हणाले.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. "मीही दिला नसता," त्या म्हणाल्या, "पण परत पाठवायची सोय नाही."

मग त्या डोळ्यासाठी एक कडक लेन्स आली. ती लावून वाचता येत होते. मोजमापाच्या टेबलावर बसण्याइतके ते नव्हते. ऑफिसने त्यांना कागदपत्रांच्या विभागात घेतले, सन्मानाने, पगार तोच ठेवून. दुसऱ्यांनी मोजलेल्या काचांचे अहवाल ते तपासून सही करत. याबद्दल ते घरी बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले, की आकडे बरोबर आहेत एवढे त्यांना कळते, काच कशी आहे ते कळत नाही.

म्हणून डावा डोळा महत्त्वाचा होता. तो नीट झाला तर ते मोजमापाकडे परत जाणार होते. हे ऑफिसने लिहून दिलेले नव्हते, पण वरिष्ठांनी शब्द दिला होता.

डाव्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी दोन पर्याय समोर ठेवले. जुना पर्याय म्हणजे पुन्हा आरपार तुकडा. नवा पर्याय त्यांनी दोन-अडीच वर्षांपासून सुरू केला होता. त्यात रुग्णाचा कॉर्निया तसाच ठेवतात, फक्त आतला निकामी थर खरवडून काढतात, आणि दात्याच्या कॉर्नियाचा आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा बारीक छेदातून आत सरकवतात. तो शिवत नाहीत. त्याच्यामागे हवेचा बुडबुडा सोडतात आणि त्या बुडबुड्याने तो जागी चिकटतो. माणसाने दिवसभर उताणे पडून छताकडे बघत राहायचे. पापुद्रा कधी कधी सुटतो, मग पुन्हा हवा भरावी लागते. डॉक्टरांनी हेही सांगितले, की जुन्या पद्धतीचा अनुभव कित्येक दशकांचा आहे आणि नवीचा थोडा. निवड तुमची, असे म्हणून त्या थांबल्या.

घरी येताना आम्ही ट्राममध्ये वाद घातला. हळू आवाजात, पण मराठीत असल्यामुळे मोकळेपणाने.

"अहो, जुनं माहितीतलं आहे," मी म्हणाले. "उजवा झालाच ना नीट."

"नीट? दीड वर्ष टाक्यांत गेलं. आणि आता लेन्स लावून, मान वाकडी करून वाचतो मी. त्याला नीट म्हणतेस?"

"दिसतंय तर खरं. नवीन बिघडलं म्हणजे?"

"नवीन बिघडलं तर जुनं करता येतं. जुनं केल्यावर नवीन काय करणार? साधा हिशेब आहे." मग थोड्या वेळाने, "तुम्ही लायब्ररीवाले म्हणजे पहिल्या आवृत्तीला चिकटून बसणारे."

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. नवी पद्धत ठरली.

मग वाट बघणे सुरू झाले. कॉर्निया कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हते. मिळाला की चार-पाच दिवसांत हजर व्हायचे. तो पोषक द्रवात ठेवलेला असतो आणि ठरावीक मुदतीत वापरावाच लागतो. कपड्यांची एक पिशवी दाराजवळच्या कपाटात भरून ठेवली. त्या हिवाळ्यात पुण्यात माझ्या दिराच्या मुलाचे लग्न होते. आम्ही गेलो नाही. नेमका तेव्हा फोन आला तर, म्हणून. घरात फोन वाजला की ते उठत नसत, पण पेपर खाली ठेवत. विमा विकणाऱ्याचा फोन असे, मुलीचा असे. "डाव्या डोळ्याचा नंबर अजून लागत नाही," ते म्हणत. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखे म्हणत. चष्म्याचा नंबर नेमका त्याच डोळ्याचा दोन्हींत कमी होता.

चौदा महिन्यांनी नंबर लागला, तेव्हा ते गेल्याला आठवडा झाला होता.

त्या आठवड्यात मी बऱ्याच कार्यालयांत गेले होते. प्रत्येक ठिकाणी मृत्यूच्या दाखल्याची शिक्क्याची प्रत लागे. मी टेबलावरून ती पुढे सरकवत असे. समोरचा माणूस वाचे, मान झुकवे, दोन शब्द बोले आणि संगणकात काहीतरी बदले. बँकेत, आरोग्य विम्यात, पेन्शनच्या कचेरीत, शहराच्या नोंदणीत, सगळीकडे त्यांचे नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत गेले. मला कुठेही 'माझे पती गेले' हे वाक्य बोलावे लागले नाही. कागद बोलत होता. फोनमधून कागद सरकवता येत नाही, आणि ते वाक्य जर्मनमध्ये मी तोवर एकदाही उच्चारले नव्हते.

एवढेच कारण होते असे नाही. क्लिनिकच्या यादीत ते अजून होते. शुक्रवारी सात वाजता त्यांची वाट बघितली जाणार होती. त्यांच्या नावाने एक खाट होती, आणि कुठल्याशा शीतगृहात का उबदार कपाटात, मला नक्की माहीत नाही, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली एक कुपी होती.

हे न कळवणे योग्य नाही, एवढे मला पहिल्या तासातच समजले होते. ग्रंथालयात कुणासाठी राखून ठेवलेले पुस्तक ठरलेल्या दिवसांत नेले नाही, तर ते पुढच्या वाचकाला जाते. मुदत उलटल्यावर येऊन, ते माझेच आहे म्हणणाऱ्यांशी मी कधी वाद घातलेला नाही. पुस्तक पुढच्याला दिलेले आहे, एवढेच सांगते. पुढचा वाचक कोण ते मला दिसत असते, संगणकात त्याचे नाव असते. क्लिनिकच्या यादीतला पुढचा माणूस मला दिसत नव्हता, पण तो कसा बसला असेल हे मला ठाऊक होते. चौदा महिने मी तसाच एक माणूस बघितला होता.

सोमवार गेला. मंगळवारी मी शोकपत्रांना उत्तरे लिहिली. उजव्या डोळ्यातल्या तुकड्याचाही विचार मनात आला. तो ज्याचा होता तो माणूस काही वर्षांपूर्वी गेला होता, आणि आदल्या शुक्रवारी दहनात तो तुकडाही जळला.

संध्याकाळी मुलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा कागद बघितला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, दुसऱ्या गावी शिकत होती, आणि त्या दिवसांत घरी आली होती. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, हे आमच्या घरी ती बालवाडीत जायला लागल्यापासून चालू आहे.

"आई, हे काय आहे? शुक्रवार सात, उपाशीपोटी?"

"क्लिनिकचा फोन होता. बाबांच्या डोळ्यासाठी."

ती खुर्चीवर बसली. "कधी?"

"काल."

"आणि तू काय सांगितलंस?"

"ते नाहीत म्हणून सांगितलं."

"जर्मनमध्ये?"

"जर्मनमध्ये."

तिने डोळे मिटले. तिला लगेच समजले, माझ्यापेक्षा लवकर. "झोल इश आनरूफन?" तिने विचारले. मी फोन करू का?

"नको. मी करते."

"कधी?"

"उद्या."

"उद्या नक्की," ती म्हणाली. हे मात्र तिने मराठीत म्हटले.

बुधवार दहावा दिवस होता. अस्थी इथेच, दफनभूमीत पुराव्या लागणार होत्या, इथला कायदा तसा आहे. त्यामुळे पुण्यात घाटावर दिरांनी नुसते पिंड ठेवून विधी केला. सकाळी पावणेसातला त्यांचा फोन आला, तिकडे सव्वाअकरा झाले होते.

"वहिनी, तासभर झाला, कावळा शिवत नाहीये. समोर झाडावर चार बसलेत, नुसते बघताहेत."

"बरं."

"दादाचं काही राहिलं होतं का? मुलीचं शिक्षण मी बोललो. तुम्हाला अंतर देणार नाही, बोललो. फ्लॅटचं बोललो. आता मला सुचत नाहीये. गुरुजी म्हणाले, वहिनींना विचारा."

कावळ्यावर माझा विश्वास नाही. माझ्या पतींचाही नव्हता. पण प्रश्न सरळ होता आणि तो मराठीत विचारला होता.

"डावा डोळा राहिला," मी म्हणाले.

"काय?"

मी सगळे सांगितले. सोमवारचा फोन, शुक्रवार, कुपी. पलीकडे कुणाचीतरी स्कूटर सुरू होऊन लांब गेली.

"म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही?"

"नाही."

"वहिनी, अहो, कळवा ना मग! तिकडे कुणीतरी दादासारखाच फोनपाशी बसला असेल. त्यापायी तर तुम्ही आमच्या पोराच्या लग्नाला आला नाहीत." मग त्यांनाच वाईट वाटले. "तसं नाही म्हणायचं मला."

"बरोबर आहे तुमचं."

"मग मी इथे काय सांगू?"

"सांगा, मी कळवते."

त्यांनी फोन कानापासून लांब धरला असावा. घाटावर मोठ्याने बोलताना त्यांचा आवाज मला लहान ऐकू आला. "दादा, वहिनी कळवताहेत क्लिनिकला. तो डोळा दुसऱ्याला जाईल." त्यानंतर काही वेळ नुसता घाटाचा आवाज येत राहिला. मग गुरुजी म्हणाले, "दर्भाचा करू आता. मला बाराला दुसरीकडे पोचायचंय." दर्भाचा कावळा करून त्यांनी पिंडाला शिववला आणि ते काम संपले.

क्लिनिकचा फोन आठला सुरू होत असे. मधल्या वेळात मी वाक्य जुळवले. जर्मन वर्गात आम्हाला शिकवले होते, की भूतकाळात काही क्रियापदांना 'असणे' हे साहाय्यक लागते. जाणे, येणे, पडणे, मरणे. जिथे जागा बदलते किंवा स्थिती बदलते, तिथे ते लागते, असे बाईंनी फळ्यावर लिहिले होते. म्हणून ते वाक्य शब्दशः असे होते: माझा नवरा मेलेला आहे. मी ते आधी वहीत लिहिले.

त्याच बाईंनी फोन उचलला. मी आडनाव सांगितले आणि वहीतले वाक्य वाचले.

"कधी?" त्यांनी विचारले.

"गेल्या आठवड्यात, सोमवारी."

"पण मी या सोमवारी फोन केला होता. तुम्ही म्हणालात ते घरी नाहीत."

"मी म्हणाले ते नाहीत."

त्यांना ते कळले की नाही मला सांगता येत नाही. त्यांनी रीतसर दुःख व्यक्त केले. ते मनापासूनचे होते. मग कळफलकाचा आवाज आला.

"आल्झो, मग मी ते राखून ठेवलेलं मोकळं करते," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"हो."

"सोमवारी कळलं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या कामाचे बोलत होत्या. "त्याची मुदत शुक्रवारी संपते. पुढच्या माणसाला आज गाठावं लागेल. कुणी लांब राहतात, कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, त्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. दोन दिवसांत जमेल असा माणूस शोधते. बघते मी."

मी माफ करा म्हणाले. त्या म्हणाल्या, तुम्ही आत्ता असल्या गोष्टींचा विचार करू नका.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा फोन केला. या वेळी दुसऱ्या कुणीतरी उचलला. शुक्रवारचा तो कॉर्निया वापरला गेला का, असे मी विचारले.

"दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही. डाटेनशुट्स, गोपनीयतेचा नियम."

"नाव नको. फक्त वापरला गेला का, एवढंच."

"तेवढंही नाही. समजून घ्या."

मी समजून घेतले. आमच्या ग्रंथालयातही कोणते पुस्तक कुणाकडे आहे हे आम्ही सांगत नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मुलगी नोकरीला लागली, शेजारीणबाई मुलाकडे राहायला गेल्या. ती नवी पद्धत आता बहुतेक ठिकाणी नेहमीची झाली आहे, असे मी वाचते. मी स्वतःला सांगते, की मोठ्या क्लिनिकमध्ये अशा वेळेसाठी माणसांची यादी तयार असते, दोन दिवस पुरेसे असतात, त्या बाई कामाच्या होत्या. हे सगळे खरे असू शकते. मुलगी म्हणते, तू हे आता सोड. दीर म्हणतात, दादा असता तर हसला असता. तेही खरे असू शकते.

माझे पती कसे गेले याबद्दल मला काही प्रश्न नाहीत. डॉक्टरांनी कारण लिहून दिले आहे. एका सोमवारी दुपारपासून बुधवारी सकाळपर्यंत एक कॉर्निया माझ्यामुळे अडून राहिला, हे मला माहीत आहे. तो पुढे कुणाला मिळाला की नाही, हे मला माहीत नाही.